खापर आवृत्तीच्या माथी

पूर्वपक्ष थोडक्यात असा. डेबियनची ‘सिड’, फेडोराची ‘रॉहाइड’, उबुंटूची येऊ घातलेली आवृत्ती, विंडोजचा ‘इन्सायडर’ प्रकार, अशी अजून घडत असलेली ऑपरेटिंग सिस्टिम ज्याच्या संगणकात आहे आणि ज्याचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडतो, त्याने कारण शोधत बसू नये. कारण ठरलेले आहे: डेव्हलपमेंट आवृत्ती. उपायही ठरलेला आहे. फॉरमॅट मारावा, ‘पक्की’ आवृत्ती टाकावी आणि मोकळे व्हावे. आमच्या भोकरच्या दुरुस्तीच्या टेबलावर हे ऐकू येते, नांदेडच्या वसतिगृहात ऐकू येते, ज्याने आयुष्यात कधी लिनक्स पाहिले नाही त्याच्याही तोंडून ऐकू येते. या मताला आता कोणी मत म्हणत नाही, त्याला अनुभव म्हणतात. म्हणूनच त्याची झडती घेतली पाहिजे.

झडतीआधी त्याची बाजू नीट मांडू, कारण ती पोकळ नाही. पहिला आधार खुद्द निर्मात्यांचा आहे. अशा प्रत्येक प्रकल्पाने स्वच्छ बजावलेले असते की ही आवृत्ती रोजच्या महत्त्वाच्या कामासाठी नाही, ती मोडू शकते. दुसरा आधार इतिहासाचा. मार्च २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ५.१२ ची पहिली चाचणी आवृत्ती, म्हणजे आरसी-१, हिच्यात भयंकर दोष निघाला. ज्यांची स्वॅपची जागा वेगळ्या पार्टिशनऐवजी फाइलमध्ये होती, त्यांच्या डिस्कवर कर्नल भलत्याच ठिकाणी लिहू लागला. कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावालाच ‘डोन्ट यूज’ असे शेपूट जोडले. तिसरा आधार दुकानदाराचा: फॉरमॅट मारला आणि यंत्र चालू लागले, असे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. चौथा आधार वेळेचा. गिऱ्हाईक दुपारी यंत्र टेबलावर ठेवते आणि संध्याकाळी घेऊन जायला येते. त्याला निदान नको असते, चालू संगणक हवा असतो. यातला एकही आधार खोटा नाही. मग चूक कुठे आहे?

चूक अनुमानात आहे. डेव्हलपमेंट आवृत्तीत दोष अधिक असतात, हे विधान खरे आहे. या यंत्राचा हा क्रॅश त्या आवृत्तीमुळे झाला, हे वेगळे विधान आहे आणि ते पहिल्यातून निघत नाही. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा दोष ओळखता येतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओले सरपण लागते. डेबियनचे विकासक ‘सिड’वरच वर्षानुवर्षे रोजची कामे करतात आणि त्यांची यंत्रे तासातासाला कोसळत नाहीत. म्हणजे आवृत्ती असूनही क्रॅश नाही. तेव्हा प्रश्न एकच उरतो: तुमच्या यंत्रात ओले सरपण कोणते आहे? पूर्वपक्ष हा प्रश्न विचारतच नाही.

आता उलट बाजू तपासू. पक्क्या आवृत्तीवर क्रॅश होत नाही काय? १९ जुलै २०२४ रोजी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून आडवी झाली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. ती यंत्रे कोणत्याही डेव्हलपमेंट आवृत्तीवर नव्हती. बँका, विमान कंपन्या आणि रुग्णालये यांची ती कसून सांभाळलेली यंत्रे होती. दोष क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीत होता. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. कारण कळले म्हणून उपाय एका फाइलीपुरता राहिला. कारण न कळता ८५ लाख फॉरमॅट मारले असते, तर?

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनने आपली १२.३ ही स्थिर आवृत्ती ऐनवेळी रोखून धरली. तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट-४ फाइल सिस्टिमवरचा मजकूर बिघडवणारा दोष सापडला होता. तो आला कुठून? नव्या कर्नलमधला एक बदल जुन्या, ‘पक्क्या’ कर्नलमध्ये मागे आणला गेला, पण ज्या दुसऱ्या बदलावर तो अवलंबून होता तो सोबत आला नाही. नव्या कर्नलमध्ये दोन्ही बदल होते, म्हणून तिथे हा दोष नव्हता. जुन्यात होता. डेबियनला लगोलग १२.४ काढावी लागली. नवे ते कच्चे आणि जुने ते पक्के, हा हिशेब इथे पूर्ण उलटा पडला.

तिसरे उदाहरण भोकरकरांना सर्वांत जवळचे वाटावे. इथून तेलंगणाची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. सीमेपलीकडच्या भैंशाच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच दुकानात चालते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या ‘ज्ञा’ या जोडाक्षराच्या एका रूपाने जगभरचे आयफोन कोसळू लागले. संदेशात ते अक्षर आले की संदेशाचे ॲप बंद पडे. सूचनेत आले तर फोनचा मुख्य पडदाच कोसळे. ही आयओएस ११.२.५ होती, म्हणजे कोट्यवधी लोकांना दिलेली अंतिम आवृत्ती. ॲपलने ११.२.६ काढून ते मिटवले. पण त्याच वेळी चाचणीत असलेल्या ११.३ च्या बीटा आवृत्तीत हा दोष नव्हता. म्हणजे कच्ची आवृत्ती अक्षर नीट दाखवत होती आणि पक्की आवृत्ती त्याच अक्षरावर मरत होती. आवृत्तीचे लेबल पाहून निदान करणाऱ्याने त्या दिवशी बीटावाल्याला शहाणपण शिकवले असते आणि स्वतःचा फोन गमावला असता.

पूर्वपक्षी म्हणेल, ही निवडक उदाहरणे झाली. ठीक. मग मोजणी पाहू. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती संगणकांच्या क्रॅशच्या अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना फक्त हार्डवेअरमुळे होणारे क्रॅश मोजायचे होते. निष्कर्ष असा निघाला की आठ महिन्यांत किमान ३० दिवसांइतके प्रोसेसर चाललेल्या यंत्रांपैकी १९० मध्ये एका यंत्राला प्रोसेसरच्या भागातील बिघाडामुळे क्रॅश होतो. संख्या लहान वाटते. पण तोच बिघाड एकदा झाला की पुन्हा होण्याची शक्यता सुमारे ३ मध्ये १ इतकी वर जाते. या फरकाकडे न्यायाधीशाने नीट पाहावे. एकदाच झालेला क्रॅश काहीही असू शकतो. पुन्हा पुन्हा होणारा क्रॅश यंत्राच्या शरीराकडे बोट दाखवतो. आपला वाद नेमका पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रॅशचा आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: नामांकित कंपन्यांच्या तयार यंत्रांपेक्षा सुटे भाग जोडून केलेली यंत्रे अधिक वेळा बिघडतात. आपल्या तालुक्याच्या गावांत डेस्कटॉप कोणता असतो? बहुतेक वेळा ‘असेंबल्ड’.

मेमरीचेही एक मोजमाप आहे. गूगलने आपल्या हजारो सर्व्हरांची अडीच वर्षांची नोंद २००९ मध्ये मांडली. वर्षभरात साधारण एकतृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक चूक आढळली आणि ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्या बाधित झाल्या. त्या सर्व्हरांत चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती, म्हणून चूक मोजता आली. घरच्या यंत्रात ती सोय बहुधा नसते. तिथे चूक दुरुस्त होत नाही, नोंदलीही जात नाही. ती फक्त एखाद्या दुपारी तुमचा प्रोग्राम कोसळवते आणि दोष आवृत्तीवर जातो.

या वादातला माझा सर्वांत मोठा साक्षीदार मात्र आकडा नाही, माणूस आहे. ऑक्टोबर २०२२. कर्नलच्या ६.१ आवृत्तीत नवे बदल सामावून घेण्याचे दोन आठवडे चालू होते. जगातली सर्वांत कच्ची लिनक्स त्या वेळी टॉरवाल्ड्स यांच्याच टेबलावर होती. आणि त्यांचे यंत्र बिघडू लागले. कर्नल बांधताना कंपायलर कुठेही, कशानेही कोसळत होता. नुकतेच शेकडो बदल आत घेतलेले असताना संशय कोणावर जावा? अर्थात नव्या कर्नलवर. त्यांचाही तोच गेला. पण त्यांनी संशयाला निकाल मानले नाही. आधी यंत्र जुन्या कर्नलवर चालू करून पाहिले. गोंधळ तसाच. मग रात्रभर मेमरी तपासणारे मेमटेस्ट-८६ प्लस चालवले. अडीच वर्षे निर्धोक चाललेली मेमरीची एक पट्टी खराब झालेली निघाली. नवी मेमरी येईपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर काम ओढले.

कर्नलच्या जनकाकडे कर्नलवर खापर फोडायचे सबळ कारण होते. त्याने ते फोडले नाही. मग तुम्ही-आम्ही कोण?

त्यांनी केले ते काही गूढ नव्हते. आपल्या शास्त्रकारांनी त्याला अन्वय आणि व्यतिरेक अशी नावे दिलेली आहेत. संशयित हजर असताना काय होते ते पाहायचे आणि संशयित दूर केल्यावर काय होते तेही पाहायचे. जुना कर्नल लावला म्हणजे नवा कर्नल हा संशयित बाजूला काढला. तरीही क्रॅश झाला, म्हणजे तो निर्दोष. फॉरमॅटमध्ये हीच सोय नाही. फॉरमॅट एका फटक्यात कर्नल, ड्रायव्हर, सेटिंग्ज, फाइल सिस्टिम, सारे बदलून टाकतो. नंतर यंत्र चालले तर कशामुळे चालले ते कळत नाही आणि नाही चालले तर कशामुळे नाही तेही कळत नाही.

“पण फॉरमॅटनंतर चालते हो!” तिसरा आधार हाच होता, त्याला उत्तर देणे भाग आहे. दुकानात यंत्र आल्यावर प्रत्यक्षात काय काय होते ते आठवा. कॅबिनेट उघडले जाते. ब्लोअरने धूळ उडवली जाते. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला जातो आणि ती पुन्हा घट्ट बसवली जाते. डिस्कची केबल काढून परत लावली जाते. दुकानातली वीज वेगळी, टेबलावर पंख्याचा वारा वेगळा. त्यानंतर फॉरमॅट होतो. यंत्र चालते आणि श्रेय फॉरमॅटला मिळते. खोडरबराला कोणी विचारले? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की आपण कावळ्याच्या वजनाचे मोजमाप करू लागतो. मला या दुकानदारांचे हात फार कुशल वाटतात. त्यांच्या हाताने केलेला खरा उपाय आणि त्यांच्या तोंडून निघालेले कारण यांचा मेळ नाही, एवढीच तक्रार आहे.

आता ओले सरपण शोधू. भोकरमध्ये ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पहिले ठिकाण वीज. संगणकाच्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, बाहेरची वीज क्षणभर गेली तरी आतली साठवण वापरून तग धरता येतो, पण किती? पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद. आपल्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे एक फेरा चुकला, बल्ब नुसता लुकलुकला, की चांगले यंत्रही रीस्टार्ट होऊ शकते. थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात आणि त्याच लाइनवरच्या घरांत व्होल्टेज खाली बसते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात एसएमपीएस जुना असला, त्यातले कपॅसिटर फुगलेले असले, तर तग धरण्याची ताकद आणखी घटते. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा एक छोटा खटका असतो: ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’. नॉर्मलवर ठेवला तर इन्व्हर्टर विजेचा फार मोठा चढउतार आत येऊ देतो आणि बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पंख्याला आणि दिव्याला ते चालते. संगणकाला चालत नाही. कितीतरी यंत्रांचा ‘सिस्टिमचा प्रॉब्लेम’ हा खटका सरकवल्यावर मिटेल. अर्थिंग नसणे हा आणखी एक विषय आहे, पण तो लिहायला लागलो तर लेख विजेचाच होईल.

दुसरे ठिकाण उष्णता. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत हवाच चाळीस अंशांची असेल तर पंखा प्रोसेसरवर तीच हवा मारणार. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर बसलेला असेल तर तेवढीही हवा पोचत नाही. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात आणि तरी भागले नाही तर यंत्र बंद करतात. क्रॅश दुपारीच होतो, पहाटे होत नाही, कर्नल बांधताना होतो, टायपिंग करताना होत नाही. एवढी नोंद वहीत ठेवली तरी अर्धे निदान होते. ऑपरेटिंग सिस्टिमला घड्याळ आणि ऋतू पाहून बिघडायची सवय नसते.

तिसरे ठिकाण ड्रायव्हर, आणि इथे पूर्वपक्षाला थोडे यश द्यावे लागेल. २००१ मधल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या ३ ते ७ पट निघाले होते. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, असे २००३ मधल्या एका संशोधनात नमूद आहे. डेव्हलपमेंट आवृत्तीत कर्नल वारंवार बदलतो आणि बाहेरून बसवलेला ग्राफिक्सचा बंदिस्त ड्रायव्हर त्या वेगाने बदलत नाही. दोघांचा मेळ तुटला की पडदा गोठतो. हे खरे आहे. पण दोष कोणाचा ठरला? एका ड्रायव्हराचा. मग शिक्षा सगळ्या यंत्राला का?

हे सारे ओळखायचे कसे? यंत्र स्वतः सांगते, आपण विचारत नाही. लिनक्समध्ये ‘जर्नल’ नावाचे दप्तर असते आणि मागच्या वेळी यंत्र चालू झाल्यापासून कोसळेपर्यंतची नोंद एका आज्ञेने वाचता येते. ते दप्तर डिस्कवर कायम राहील अशी सोय चालू आहे ना, एवढे आधी पाहून ठेवावे. मग नोंदीची भाषा समजून घ्यावी. नोंद एखाद्या निरुपद्रवी ओळीवर अचानक तुटली असेल, मरणाची कसलीही चाहूल नसेल, तर संशय विजेवर आणि उष्णतेवर जातो. ‘हार्डवेअर एरर’ आणि ‘मशीन चेक’ असे शब्द असतील तर प्रोसेसरनेच तक्रार केलेली आहे. कर्नलने ‘ऊप्स’ किंवा ‘पॅनिक’ लिहून फंक्शनांची यादी सोडली असेल, तर दोन-तीन वेळच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. दर वेळी तेच फंक्शन असेल तर दोष बहुधा त्या कोडमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. दर वेळी नवी जागा, नवा प्रोग्राम, नवे कारण असेल तर मेमरी तपासावी. कोड एकाच दगडाला ठेचकाळतो. खराब मेमरी वाट्टेल तिथे पडते.

त्याच यादीत ‘टेंटेड’ या शब्दापुढे अक्षरे असतात. ‘पी’ म्हणजे बंदिस्त ड्रायव्हर चढवलेला आहे, ‘ओ’ म्हणजे कर्नलबाहेरचे मॉड्यूल आहे, ‘एम’ म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची चूक कळवलेली आहे. तीन अक्षरांत तीन वेगळे आरोपी. ‘आउट ऑफ मेमरी’ असे दिसले तर तो क्रॅशच नाही. चार जीबी रॅमवर ब्राउझरचे तीस टॅब उघडल्यामुळे कर्नलने एका प्रोग्रामचा बळी देऊन बाकीचे वाचवले आहेत. डिस्कवर संशय असेल तर ती स्वतःच्या प्रकृतीचा ठेवते तो ‘स्मार्ट’ अहवाल काढावा. ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्क मरते आहे, मजकूर आजच दुसरीकडे न्यावा. १९९ वाढत असेल तर डिस्कला हात लावू नका, केबल बदला. आता सांगा, १९९ च्या रोगावर फॉरमॅट मारून काय मिळणार? केबल तीच राहणार.

इथे एक सावधगिरी माझ्याच बाजूविरुद्ध नोंदवतो. नोंद गप्प असणे हा विजेविरुद्धचा पूर्ण पुरावा नाही. कर्नल इतका झटकन गोठू शकतो की शेवटचे शब्द डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी शेवटचा संदेश मदरबोर्डच्या स्मृतीत ठेवणारी ‘पीस्टोअर’ ही सोय आहे, मेलेल्या कर्नलची पूर्ण प्रतिमा काढणारे ‘केडम्प’ आहे आणि शेजारच्या दुसऱ्या यंत्राकडे संदेश पाठवत राहणारे ‘नेटकन्सोल’ आहे. फॉरमॅट मात्र जर्नलसकट डिस्कवरचे सगळे पुसून टाकतो. चौकशीआधीच पुरावा नष्ट करणाऱ्याला आपण तज्ज्ञ का म्हणावे?

आणि समजा चौकशीअंती आवृत्तीच दोषी ठरली. ठरू शकते, ५.१२ मध्ये ठरलीच होती. तरीही फॉरमॅट हा उपाय ठरत नाही. डेबियन नवा कर्नल बसवताना जुना ठेवते, फेडोरा सहसा तीन ठेवते. सुरू होतानाच्या यादीतून मागचा निवडा, काम चालू. पॅकेज बिघडले असेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात २००५ पासूनची पॅकेजे तारखेनिशी ठेवलेली आहेत. दोष नेमका कोणत्या बदलाने आला हेही काढता येते. कर्नलच्या दोन आवृत्त्यांत १३-१४ हजार बदल असतात, पण दर फेरीत निम्मे वगळत गेले की १४ फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येते. जुन्या यंत्रावर कर्नल बांधायला एकेका फेरीला तास लागतात, हे मान्य. प्रत्येकाने ते करावे असे माझे म्हणणे नाही. पण मागचा कर्नल निवडायला एक मिनिट लागतो, मेमटेस्ट रात्री झोपेत चालते आणि जर्नल वाचायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. उलट फॉरमॅट मारून सिस्टिम, मराठी कीबोर्ड, फॉन्ट आणि प्रिंटर पुन्हा बसवायला अर्धा दिवस जातो, आणि कारण राहिलेच असेल तर पंधरा दिवसांनी तोच अर्धा दिवस पुन्हा. वेळेचा आधार कोणाच्या बाजूने आहे, ते वाचकांनी ठरवावे.

या मताच्या तळाशी न बोललेला एक आधारही आहे. तो असा की ही चाचणीची कामे पुण्या-बंगळुरूच्या लोकांची, तालुक्याच्या गावातल्या पोराने या फंदात पडू नये. हे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. पोटापाण्याचे यंत्र, सेवा केंद्रातले यंत्र, हिशेबाचे एकुलते यंत्र डेव्हलपमेंट आवृत्तीवर ठेवू नये, इथपर्यंत मी पूर्वपक्षाबरोबर आहे. पण शिकण्याच्या यंत्रावर? सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स डेबियनवर उभी आहे. डेबियनचे पॅकेज आधी ‘सिड’मध्ये येते, तिथे गंभीर दोष निघाला नाही तर साधारण २ ते १० दिवसांत ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि तिथून पुढे स्थिर होते. म्हणजे सरकारी कार्यालयातल्या पक्क्या आवृत्तीचा पक्केपणा कुठल्यातरी ‘सिड’वाल्याने सोसलेल्या क्रॅशवर आणि त्याने लिहिलेल्या तक्रारीवर उभा असतो. मराठीचे जोडाक्षर कुठे कोसळते हे मराठी लिहिणाऱ्याने आधी पाहिले नाही, तर ते ‘ज्ञा’सारखे सगळ्यांच्या फोनवर पोचल्यावरच कळणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावे लागले. तो दोष चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी आधीच कळवला होता, तो गर्दीत हरवला. तिथे कमी पडले ते ऐकणारे. सांगणाऱ्यांनी आपले काम केले होते. आपल्याकडे तर सांगणाऱ्यालाच फॉरमॅट मारून गप्प केले जाते.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच. यंत्र टेबलावर आले की आधी मागच्या वेळची नोंद पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, एकदा जुना कर्नल लावा, एक रात्र मेमटेस्ट चालू द्या. त्यानंतरही ज्याला आवृत्तीच दोषी ठरवायची असेल, त्याने त्या नोंदीतली दोषाची ओळ दाखवावी. ओळ दाखवली तर आवृत्तीविरुद्धचा निकाल मी बिनतक्रार मान्य करीन. ओळ नसेल, तर आरोप मागे घ्यावा.